एकाच दिवशी दोन आंघोळी

आमची भुतं दुपारी एक ते दोन या वेळातच बोलायची. त्याचं कारण होतं शिलाई मशिनं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, बाजारातल्या एका गल्लीत, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या डोक्यावर आमचा डबिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत माइक आणि भिंतींना चिकटवलेल्या गाद्या, दुसरीत कॉम्प्युटर आणि शेठ. खाली वीस-पंचवीस मशिनं दिवसभर धडधडत. भांडण, पाठलाग, वरात असल्या प्रसंगांत ती खपून जात. पण भूत बोलायला लागलं की सिनेमात शांतता होते आणि आमच्या फरशीतून थरथर वर येते. म्हणून भुतांना कारीगरांच्या जेवणाच्या सुट्टीत उरकावं लागे. एक वाजला की मास्तर हातातली चण्याची पुडी गुंडाळून ठेवत आणि म्हणत, "चला, खालची माणसं जेवायला बसली. भुतांनो, उठा."

मास्तर शाळामास्तर नव्हते. तरुणपणी गावोगावच्या नाटकमंडळ्यांची नाटकं बसवायचे म्हणून ते मास्तर. आमच्याकडे परदेशी सिनेमे यायचे, कोरियाचे, थायलंडचे, कुठल्या-कुठल्या मोबाइल ॲपसाठी मराठीत करायला. सोबत इंग्रजी कागद यायचे. त्यावरून ओठांच्या मापाचं मराठी लिहायचं आणि आमच्याकडून ते बोलवून घ्यायचं, ही दोन्ही कामं मास्तरांची. इंग्रजी त्यांना बेताचंच येई. एखादा शब्द अडला तर मला विचारत, मी सांगितलेला अर्थ मान डोलावून ऐकून घेत आणि लिहीत मात्र स्वतःच्याच मनाचं. "इंग्रजी काय म्हणतं ते राहू दे. माणूस काय म्हणेल ते मला ठाऊक आहे."

साठीच्या पुढचे, काटकुळे, कायम पांढरा इस्त्रीचा शर्ट. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. ते मागायला येणाऱ्यांसाठी. मी पहिल्याच दिवशी मागितलं, दहा मिनिटं कागदावर ओरखडे काढत बसले, आणि ते समोर बसून शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "उद्यापासून स्वतःचं आणशील." आणलं.

मला त्यांनी घेतलं ते माझ्या आवाजासाठी. माझा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगत. तो आवाज ऐकून मास्तर खूश झाले. "म्हाताऱ्या आणि मेलेल्या बायका, दोन्ही तुझ्या," म्हणाले. पस्तिशीच्या बाईला हे ऐकून काय वाटेल याचा विचार त्यांना शिवला नाही. सहा वर्षं मी तेच केलं. त्यात मी किती जणींचा जीव घेतला आणि किती वेळा मेले, याचा हिशेब नाही.

त्यांचे नियम होते. उपाशी पोटी किंचाळायचं नाही. आधी दोन बिस्किटं खायची. मरणाऱ्या माणसाचा आवाज द्यायचा तर तासभर आधीपासून पाणी बंद, कारण ओला गळा जिवंत वाटतो. भुताला मोठे शब्द द्यायचे नाहीत. एकदा इंग्रजीत सूड-बिड होतं म्हणून मी म्हटलं, "मास्तर, इथे 'मी प्रतिशोध घेईन' बसतंय." ते इतके चिडले की चष्मा काढून ठेवला. "भूत कधी प्रतिशोध म्हणतं? भूत म्हणतं, माझं ताट कुठाय. गेलेल्या माणसाला बारीकसारीक गोष्टी हव्या असतात ग बाय." त्या सिनेमातली भुतीण शेवटी ताट मागतच वावरली. ॲपवाल्यांकडून तक्रार आली, शेठने माफी मागितली, मास्तरांनी एक अक्षर बदललं नाही.

आणि दोन नियम तर दगडावरची रेघ. पहिला, भुताला श्वास नसतो. वाक्याच्या आधी माझा श्वास माइकमध्ये आला की ते काचेवर टकटक करत आणि शेठ तो श्वास कापून टाकी. दुसरा, शेवट आधी बघायचा नाही. सिनेमा पहिल्यापासून ओळीने करायचा, रोज दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा, आणि पुढचा तुकडा बघायचा-लिहायचाही त्या-त्या दिवशीच. सगळीकडे आधी आख्खा सिनेमा बघतात. मास्तर म्हणत, उद्याचं आज कळलं तर आजचा आवाज खोटा येतो. शेठला हे पटत नसे. पण मास्तरांसारखा माणूस तेवढ्या पगारात मिळत नाही हेही त्याला पटत असे.

मास्तरांना एक मुलगी होती. ती अंबरनाथला राहायची, आणि मास्तरांच्या लेखी ती मेलेली होती.

हे मला शेठने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं, मी काहीबाही बोलून बसू नये म्हणून. "मास्तर के सामने अंबरनाथ का नाम नहीं लेना, क्या?" मास्तर राहायचे बदलापुरात, हेंद्रेपाड्यात. मूळचे तिथलेच आगरी. भातशेती कधीच इमारतींखाली गेली होती आणि दोन उंच सोसायट्यांच्या मध्ये त्यांचं जुनं कौलारू घर तेवढं अडून बसलं होतं. आता बदलापूरहून उल्हासनगरला यायचं तर मध्ये अंबरनाथ लागतंच. मास्तरांना ते लागत नसे. ते स्कूटरवरून नदीपलीकडच्या गावांतून भला मोठा वळसा घालून येत. पाऊणएक तास जास्त जायचा, कंबर दुखायची, पावसाळ्यात दोनदा चिखलात पडले. कोणी विचारलं तर म्हणत, "अंबरनाथात माझं काही काम नाही."

आपल्याकडे एखाद्याला कायमचं टाकायचं असेल तर त्याच्या नावाने आंघोळ करतात. बहुतेक लोक रागाच्या भरात हे नुसतं तोंडाने म्हणतात. मास्तरांनी खरोखर केली होती.

त्यांची बायको अचानक आजारी पडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. मुलगी स्वतः नर्स, तिनेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल, केलं तरी खात्री नाही. मुलीने कागदावर सही केली. बायको टेबलावरच गेली. मास्तर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंत्यविधीला शेठ गेला होता, त्याने डोळ्यांनी बघितलेलं मला सांगितलं. उल्हास नदीच्या काठावर दहन झालं, सगळे आंघोळ करून घरी परतले, पुरुषमाणसं अंगणात टेकली. तेव्हा मास्तर उठले, मागच्या पिंपातून बादली भरून आणली आणि सगळ्यांच्या देखत ओल्या अंगावर पुन्हा ओतली. ओट्यावर मुलगी उभी होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "मगाची तुझ्या आयशीची. ही तुझी." एकाच दिवशी दोन आंघोळी. मुलगी त्याच पावली निघून गेली. दहाव्याला तिला कोणी बोलावलं नाही. पुढे तिला मूल झालं, ते मास्तरांच्या कानावर आलं आणि त्यांनी ते दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

मी हे ऐकलं तेव्हा मला मास्तरांचा मनस्वी राग आला. भुताला ताट वाढायला निघालेला हा माणूस, आणि पोटच्या जिवंत पोरीला जेवू घालत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना पत्ताही लागला नाही.

मग काही वर्षांनी तो फिलिपिन्सचा सिनेमा आला.

गोष्ट साधी होती. एक मुलगी आखातात नर्स. ती आपल्या बेटावरच्या घरी परत येते. घरात मरण झालंय. ओसरीवर बाप मासळीचं जाळं विणत बसलेला असतो, मुलगी त्याच्याशी तासन् तास गप्पा मारते, हसते. आणि आत घरभर आई फिरत असते. विस्कटलेले केस, एक पाय ओढत, भिंतीला धरून. दारात उभी राहते, हात पुढे करते, मुलीचं नाव घेते, आणि मुलगी किंचाळून पळत सुटते. रोज संध्याकाळी शेजारच्या बायका मेणबत्त्या घेऊन येतात आणि गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतात, असं नऊ दिवस. मास्तरांना हे फार आवडलं. "त्यांचे नऊ, आपले दहा. एका दिवसाचाच काय तो फरक."

आई अर्थात मी. बापाचा आवाज मास्तरांनी स्वतःकडे घेतला. इतकं सुंदर काम मी त्यांचं पूर्वी ऐकलं नव्हतं. जाळं विणता विणता पोरीशी बोलणारा बाप, मध्येच खोकणारा, मध्येच स्वतःशीच हसणारा. मी काचेच्या अलीकडून बघत होते. रेकॉर्डिंग थांबलं तरी ते पडद्यावरच्या त्या मुलीकडे बघत राहायचे.

माझं मात्र बिनसत होतं. हेडफोनमध्ये मला त्या मूळच्या नटीचा श्वास ऐकू येई. प्रत्येक वाक्याआधी ती धाप लागल्यासारखा श्वास घ्यायची.

"मास्तर, ही श्वास घेतेय."

"मी पण ऐकला. कच्चं काम हाय त्यांचं. आपण सुधारून घेऊ."

आणि आम्ही सुधारलं. सात दिवस मी कोरड्या, सपाट आवाजात "दार उघड" म्हटलं, "मला भूक लागलीय" म्हटलं, आणि शेठने माझा एकेक श्वास हुडकून कापला. वर थोडा घुमारा चढवला. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

आठव्या दिवशी शेवटचा तुकडा होता. मशिनं थांबली, आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. नवव्या दिवसाची प्रार्थना संपते. एक शेजारीण मेणबत्ती उचलते आणि तिच्या उजेडात गेलेल्या माणसाचा फोटो पहिल्यांदा नीट दिसतो. फोटो बापाचा असतो. शेजारीण त्या मुलीला म्हणते, आज नऊ दिवस झाले, आज तरी तुझ्या आईला जेवायला घाल. मुलगी ओसरीकडे बघते. तिथे कोणी नाही. जाळं फाटलेलं, कित्येक दिवस कोणी हात न लावलेलं. मग कळतं की बाप शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा आईने आखातात फोनवर फोन केले होते. मुलगी कामावर होती, तिने फोन उचलला नव्हता. घरी आली तेव्हा बाप गेलेला, आणि आईचं त्या धक्क्यात अर्धं अंग लुळं पडलेलं. ती आईच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. म्हणून मेलेल्याला तिने जिवंत ठेवलं आणि जिवंत आईला भूत केलं.

पडदा काळा झाला. दोन वाजले, खाली मशिनं सुरू झाली. मास्तर हलले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "शेठ, मागे घ्या." तीनदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा शेजारणीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाईचा श्वास बरोबर होता," ते म्हणाले. "आपण कापला. सगळं परत करावं लागेल."

शेठने कपाळाला हात लावला. "साईं, कल डिलिवरी है! चलने दो ना. किसको पता चलेगा?"

"मना पत्ता लागला ना," मास्तर म्हणाले. स्टुडिओत ते कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलत. भाषा अशी हेंद्रेपाड्याला गेली की समजावं, माणूस आता ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला वेळ नव्हता. मास्तर स्वतः खाली कारखान्यात गेले. मी जिन्यातून बघत होते. मशिनांच्या त्या गदारोळात हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "भाई लोग, एक घंटा मशीन बंद रखो. ऊपर एक औरत को ज़िंदा करना है." कारीगर हसले. एकजण म्हणाला, "चाचा, पहले मारा किसने?" मास्तर म्हणाले, "मैंने ही मारा." पुन्हा हसले, आणि खरंच मशिनं बंद केली.

मी माइकसमोर उभी राहिले. तीच वाक्यं, तेच ओठ. मास्तर काचेपलीकडे न थांबता आत माझ्याजवळ येऊन बसले. "कोणाला घाबरवू नको. पोरीला हाक मार. तुला भूक लागलीय आणि तुझी पोर घरी आलीय, एवढंच." मी श्वास घेतला, म्हटलं, "दार उघड." मला माझीच लाज वाटली. आठवडाभर जे ऐकून मी शहारले होते ते एका आजारी बाईचं साधं बोलणं होतं. तिला जेवायला हवं होतं, आणि लेक पळून जात होती. चौथ्या-पाचव्या वाक्याला माझा आवाज फुटला. शेठने रेकॉर्डिंग थांबवलं.

मास्तर फरशीकडे बघत बोलायला लागले, मला की स्वतःला ते कळलं नाही.

"त्या दिवशी मी हितंच होतो. रेकॉर्डिंग चाललं होतं, फोन बंद. संध्याकाळी चालू केला तर पोरीचे सतरा फोन. सतरा. सही करू का विचारायला केले असतील. मी उचलला असता तर मीच बोललो असतो, कर सही. दुसरं काय बोललो असतो?"

शेठ काचेपलीकडून सगळं ऐकत होता. माइक चालू होता. त्याने तो हळूच बंद केला.

"एवढी वर्सं लोकांना सांगत फिरलो, पोरीने मारली," मास्तर म्हणाले. मग उठले, शर्ट नीट केला आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "चल, पुढचं वाक्य." काम रात्री आठ वाजता संपलं. बापाचा आवाज त्यांनी बदलला नाही. म्हणाले, पोरीला तो तसाच ऐकू येत होता, राहू दे.

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. "रविवारी मला अंबरनाथला जायचंय. तू चल."

"मी कशाला, मास्तर? घरचा मामला आहे."

"एकटा गेलो तर वाटेतून परत फिरीन."

रविवारी सकाळी ते मला घ्यायला आले. पत्ता त्यांनी एका पुतण्याकडून मिळवला होता, कागदावर लिहून खिशात ठेवला होता आणि तो वाटेत तीनदा काढून वाचला. स्कूटर इतकी हळू चालवली की मागचे रिक्षावाले शिव्या घालून पुढे गेले. मी मागे बसून विचार करत होते, ही बाई दार लावून घेईल. आणि लावलं तर तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर लावलं असतं.

पूर्वेला एका चार मजली इमारतीत दुसरा मजला. बेल मास्तरांनी वाजवली. दार एका सहा-सात वर्षांच्या मुलीने उघडलं. हातात पोळीचा रोल, ओठांना साखर. तिने मास्तरांकडे बघितलं, मान वळवून आत भिंतीकडे बघितलं, मग परत मास्तरांकडे. ती अजिबात घाबरली नाही.

"तुम्ही आजोबा ना?"

"हो."

"पण तुम्ही तर वारलात."

मला आतली भिंत दिसली. दोन फोटो शेजारी शेजारी. एक मास्तरांच्या बायकोचा, एक खुद्द मास्तरांचा, काळ्या केसांचा. दोन्हींना चंदनाचे हार. मास्तरांनीही ते बघितलं. आता हे कोसळणार असं वाटून मी त्यांच्या दंडाला धरायला हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"हो बाय," ते त्या मुलीला म्हणाले. "आठ वर्सं झाली."

"कोण आहे गं?" म्हणत मास्तरांची मुलगी बाहेर आली. हातात फरशी पुसायचं ओलं फडकं. बापाला बघून ती जागच्या जागी थांबली. फडक्यातून पाणी ठिबकत होतं ते तिच्या ध्यानात नव्हतं. ती बोलली तेव्हा आधी फोटोबद्दलच बोलली. "शाळेतून हिला घरातल्या सगळ्या माणसांचा तक्ता करून आणायला सांगितला होता. आजोबा येत का नाहीत म्हणून रोज विचारायची. काय सांगणार होते मी?"

"बरोबर सांगितलंस," मास्तर म्हणाले. "माझा फोन बंद होता ग."

"माहितीये मला. स्टुडिओत तुमचा फोन बंद असतो हे मला माहीत नव्हतं का? त्या दिवशीही माहीत होतं." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तरी लावत होते."

मग तिने मुलीला हाक मारली, "स्टूल आण." पोरीने आतून प्लास्टिकचं स्टूल ओढत आणलं. मास्तरांची मुलगी त्यावर चढली, बापाच्या फोटोचा हार काढला, त्यावरची धूळ झटकली आणि तो पोरीच्या हातात दिला.

"हा टाकून ये," ती म्हणाली. मग फोटोकडेच बघत, पाठमोरी, "आणि तुम्ही आत या, बाबा. चपला बाहेर काढा, लादी आत्ताच पुसलीय."

मास्तर चपला काढायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.